पाळीच्या घंटेला बांधलेला नेम: बडोद्यातल्या कारखान्यात, ऑफिसात आणि दुकानात ध्यान कसं आणावं

आधी वेळ ठरवा, पद्धत नंतर. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. शेठ कुठल्यातरी शिबिरातून भारून येतात, सोमवारी सगळ्यांना गोळा करतात, कुणीतरी डोळे मिटायला सांगतं, आणि तिसऱ्या आठवड्यात डिस्पॅचची घाई निघाली की पहिला बळी त्या पंधरा मिनिटांचा जातो. पद्धत वाईट नसते, पण तिला दिवसात टांगायला खुंटी नसते. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम चार महिने निभतो, कारण तो रोज होणाऱ्याच कशाला तरी बांधलेला असतो: आंघोळीनंतर, जेवणाआधी, दिवेलागणीला. कारखान्यातही तसंच करावं लागतं.

म्हणून दोन दिवस नुसतं बघा. काम आपोआप कुठे थांबतं, ते वहीत लिहा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या मशीन शॉपमध्ये हे थांबे साधारण असे निघतात: पाळीच्या सुरुवातीची हजेरी आणि टूलबॉक्स टॉक (कामाआधीच्या सुरक्षेच्या सूचना), सकाळचा चहा, एक जॉब उतरवून दुसऱ्याचं सेटिंग करतानाची वेळ, आणि पुढच्या पाळीला काम सोपवणं. अलकापुरीतल्या ऑफिसात: संगणक सुरू होईपर्यंतची मिनिटं, मीटिंगची सुरुवात, मेल पाठवण्याआधीचा क्षण. मांडवी किंवा रावपुऱ्यातल्या दुकानात: शटर वर गेल्यावरचा दिवा-अगरबत्ती, दुपारची मंदी, रात्री गल्ला मोजणं. यातले दोनच निवडा, एक सगळ्यांचा मिळून आणि एक ज्याचा त्याचा. तीन निवडलेत तर तिन्ही सुटतील.

एक थांबा मात्र निवडू नका: जेवणाची सुट्टी. ठरावीक तासांच्या सलग कामानंतर मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, हे १९४८च्या फॅक्टरी कायद्यापासून ठरलेलं आहे. तो अर्धा तास कामगाराचा आहे. त्यातली सात मिनिटं ध्यानाच्या नावाने कापलीत तर लोक बसतील, पण मनातून शिव्या देतील, आणि त्यांचं चुकणार नाही. ध्यानाचा वेळ पगारी वेळेतूनच द्यायचा.

सुरुवातीचा दिवस एक जानेवारी नको, तेव्हाचे संकल्प कसे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बडोद्यात दिवाळीनंतर लाभपंचमीला नव्या चोपड्यावर काम सुरू होतं, तो दिवस धंद्याच्या हाडात मुरलेला आहे. नाहीतर आषाढी एकादशी धरा आणि कार्तिकीपर्यंतचे चार महिने सांगा. 'आता कायम करायचं' म्हटलं की माणूस बिचकतो, 'कार्तिकीपर्यंत' म्हटलं की तयार होतो.

सात मिनिटांची बैठक

सतरंज्या आणू नका. पँट, सेफ्टी शूज आणि दुखरे गुडघे घेऊन मांडी घालणं पन्नाशीच्या फिटरला जमत नाही, आणि मग तो पहिल्याच दिवशी बाहेर पडतो. खुर्च्या किंवा बाक पुरेत. एका माणसाला तीन बाय तीन फूट धरा, म्हणजे वीस जणांना जाण्यायेण्याच्या जागेसकट सव्वादोनशे चौरस फूट. स्टोअर रूम रिकामी करायची गरज नाही, कँटीन चालते.

पहिलं मिनिट बसण्याचं. पाठ खुर्चीला न टेकता, पावलं जमिनीवर सपाट, हेल्मेट आणि हातमोजे काढलेले, हात मांड्यांवर. डोळे अर्धवट उघडे, नजर चार-पाच फुटांवरच्या फरशीवर. डोळे मिटण्याची सक्ती कधीच करू नका, कारण पुढे येईल.

पुढची दोन मिनिटं श्वास मोजून. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा झाला, म्हणजे दोन मिनिटांत बारा. लांब उच्छ्वासाने नाडी थोडी मंदावते आणि पाळीला धावत आलेला माणूस जागेवर येतो. श्वास रोखायचा नाही. कुंभक, भस्त्रिका, कपालभाती हे प्रकार इथे आणू नका. रक्तदाब, हर्निया, गर्भारपण, काचबिंदू यांपैकी कुणाला काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि कुणी चारचौघांत सांगणारही नाही. कुणाला गरगरलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्यायचा, एवढं आधीच सांगून ठेवा.

त्यानंतरची तीन मिनिटं हे मुख्य काम. श्वास आपल्या चालीने जाऊ द्यायचा, लक्ष नाकपुड्यांच्या कडेवर, जिथे हवा लागते तिथे. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एकपासून दहापर्यंत, मग पुन्हा एक. जपानच्या झेन मठांत नवख्याला हीच मोजणी देतात. चारवर असताना मुलाच्या फीची आठवण येईल, किंवा मोजता मोजता चौदावर पोचल्याचं कळेल. कळलं की एकवर यायचं. लक्ष जाणं म्हणजे नापास होणं नाही, गेलेलं लक्ष परत आणणं हाच व्यायाम आहे, जसं डंबेल उचलताना खाली जाणंही धरलेलं असतं. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, ही तक्रार अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात केलीच आहे. श्रीकृष्ण ती खोडून काढत नाही. खरं आहे म्हणतो, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतो. वैराग्य कँटीनमध्ये शिकवण्याच्या भानगडीत पडू नका, अभ्यास पुरे.

शेवटचं मिनिट आवाजांना द्या: पंखा, फोर्कलिफ्ट, रस्त्यावरचा हॉर्न. मग प्रत्येकाने मनात एक वाक्य: 'आता मी पहिलं काय करणार.' उठायचं. भाषण नाही, प्रार्थना नाही, टाळ्या नाहीत.

जो घंटा वाजवून बैठक चालवतो त्याने सातही मिनिटं बोलत राहू नये. चार वाक्यं पुरतात आणि ती कार्डावर लिहून घ्यावीत: 'ताठ बसा.' 'चार आत, सहा बाहेर.' 'आता फक्त मोजा, चुकलं तर एक.' 'आवाज ऐका.' मराठी, गुजराती आणि हिंदी, तिन्ही लिहा. 'श्वास' तिन्ही भाषांत समजतो, ही मोठी सोय आहे. ओंकार, मंत्र, तसबिरी सामुदायिक बैठकीत नकोत. मोहम्मदभाई आणि डिसोझासाहेबांनाही त्याच बाकावर बसायचं आहे, आणि नाकपुडीला लागणाऱ्या हवेला धर्म नसतो.

संगणकावर मान मोडणाऱ्यांना थेट बसवण्यापेक्षा आधी खांदे आणि कंबर मोकळी करू द्या. आयुष मंत्रालयाने कामाच्या जागेसाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' काढला, त्यात ताडासन, कटिचक्रासन असे उभ्याने करायचे प्रकार आणि शेवटी श्वास व ध्यान आहे. तो जसाच्या तसा चालतो.

जागा निवडताना

पिकलिंगच्या (आम्लात धातू धुण्याच्या) टाक्या, प्लेटिंग, पेंट बूथ, थिनरचे डबे, वेल्डिंगचा धूर यांच्या आसपास दीर्घ श्वसन अजिबात नको. लांब श्वासाबरोबर तेच फुप्फुसात खोल जातं. नंदेसरीसारख्या रासायनिक पट्ट्यात बैठक प्रशासकीय इमारतीतच घ्या. इयरफोन लावून ध्यान करायला मनाई ठेवा, कारण गॅसचा भोंगा ऐकू यायला हवा. चालू मशीनसमोर, प्रेससमोर, लेथसमोर कुणी डोळे मिटून उभा दिसला तर त्याला थांबवा. तिथलं ध्यान निराळं असतं.

ते जपानी रेल्वेवाल्यांकडून घ्यावं. तिथला चालक सिग्नलकडे बोट करतो आणि मोठ्याने म्हणतो, सिग्नल अमुक आहे. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच वस्तूवर येतात आणि सवयीने होणारी चूक पकडली जाते. आपल्याकडेही इंजिनात चालक आणि सहचालक सिग्नल एकमेकांना मोठ्याने पुकारतात. मशीन शॉपमध्ये याची तीन ठिकाणं ठरवा: चक की (जॉब पकडणारा चक आवळायची चावी) काढली का, गार्ड बंद आहे का, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) कोणता टाकला. बोट दाखवायचं आणि बोलायचं: 'चक की बाहेर.' सुरुवातीला पोरं हसतात. सुपरवायझरने स्वतः दोन आठवडे केलं की हसू थांबतं, त्याने केलं नाही तर प्रकार तिथेच संपतो. फाइव्ह-एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे) तक्ते भिंतीवर असतात आणि त्यांच्यामागे जाळी धरलेली असते, तसं याचं करू नका. तक्ता लावूच नका.

काय बिघडतं

झोप. दुपारी दीडला सेव-उसळ खाऊन बसलेल्या माणसाला श्वास मोजायला सांगणं म्हणजे अंगाई म्हणणं, त्यातून मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश. दुपारच्या थांब्याला बसू नका, चालवा. वीस पावलं सरळ, सावकाश, टाच टेकली आणि अंगठा उचलला एवढंच लक्षात घेत, वळायचं, परत वीस. पाच मिनिटं. बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात आणि ते बसण्याइतकंच पूर्ण ध्यान मानलं जातं.

गळती. पहिल्या आठवड्यात वीस, चौथ्यात नऊ. हे ठीक आहे. ध्यान ऐच्छिक हवं, आणि ऐच्छिक म्हणजे न येणाऱ्याला त्या सात मिनिटांत काम लावायचं नाही, त्याची नोंद ठेवायची नाही, वाढीच्या वेळी ते काढायचं नाही. जो बसत नाही त्याने चहा प्यावा. नऊ जण मनापासून बसत असतील तर नेम लागला.

शेठचा आवाज. सकाळी सात मिनिटं शांत आणि सव्वाआठला केबिनमधून ओरडणं, असा कारखाना असेल तर बैठक बंद करा, तिने चिडच वाढते. तीन महिन्यांचा ओव्हरटाइम थकलेला असताना आणलेलं ध्यानही त्याच जातीचं. रामदासांनी क्रम सांगून ठेवला आहे: आधी प्रपंच करावा नेटका. पगार वेळेवर, पंखे चालू, पाणी थंड, मग श्वास.

आणि एक गंभीर गोष्ट. काही जणांना डोळे मिटून आत पाहिल्यावर शांत वाटण्याऐवजी धडधडतं, घाम सुटतो, जुनं काही वर येतं. अलीकडे घरात मृत्यू झालेला, अपघात पाहिलेला, पॅनिकचा त्रास असलेला माणूस यात असू शकतो. त्याला 'बस, होईल सवय' म्हणू नका. डोळे उघडे, पावलांवर लक्ष, खोलीतल्या पाच वस्तू मनात मोजणं, नाहीतर सरळ बाहेर फेरी. त्रास पुन्हा झाला तर डॉक्टर, ध्यान नाही. चालू गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करायला कुणी सुचवत असेल तर त्याच्या हातून घंटा काढून घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक हजेरीच्या फळ्याजवळ लिहून ठेवावा.

तीन दिवसांची गोष्ट

बडोद्यात ध्यानाचा विषय निघाला की अरविंद घोषांची आठवण निघतेच. १८९३ साली ते संस्थानच्या नोकरीत आले, सर्व्हे सेटलमेंट खात्यापासून सुरुवात केली, मग बडोदा कॉलेजात शिकवलं. म्हणजे आधी फायलीतलेच गृहस्थ. पुढे १९०८च्या जानेवारीत विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ते इथे मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस बसले. लेल्यांची सूचना छोटी होती: विचार बाहेरून येताना दिसतात, ते आत शिरण्याआधी परत फेका. तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी स्वतः सांगितलं आहे.

हा दाखला 'तीन दिवसांत मनःशांती' विकणाऱ्यांच्या फार कामाचा आहे, म्हणून त्यातला तपशील धरून ठेवा: त्याआधी अरविंदांचा काही वर्षं प्राणायामाचा अभ्यास झालेला होता. शनिवार-रविवारच्या शिबिराला त्या तीन दिवसांचं माप लावता येत नाही. रोगी माणसांसाठी अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जो अभ्यासक्रम बेतला, तोसुद्धा आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात घरी रोज बसावं लागतं. लेल्यांची सूचना वापरायची असेल तर एका जागी वापरा: रागाचा मेल. तो लिहा, पण 'प्रति'ची जागा रिकामी ठेवा, दहा श्वास मोजा, पुन्हा वाचा. दहापैकी नऊदा तो तुम्ही स्वतःच परत फेकाल.

चार भाव आणि थकलेली बिलं

पतंजलीच्या पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र धंद्यातल्या माणसासाठी लिहिल्यासारखं आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता, अपुण्य करणाऱ्याविषयी उपेक्षा, याने चित्त निवळतं. हे भाषणात सांगायचं नाही, प्रसंगांवर बसवायचं.

शेजारच्या गाळ्यातल्याला मोठी ऑर्डर मिळाली: दुपारपर्यंत फोन करून अभिनंदन करा. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर मन कारणं शोधू लागतं की त्याने साहेबाला काय दिलं असेल. पहिल्या दोन वेळा हे दाताखाली खडा आल्यासारखं लागेल.

कामगार आईच्या आजारपणाची रजा मागतो: आधी 'किती दिवस लागतील?' नको. आधी 'कुठे ठेवलंय त्यांना?' विचारा, उत्तर पूर्ण ऐका, मग दिवस.

कुणी अडलेला जॉब रात्री थांबून काढला: नाव घेऊन, काय केलं ते नेमकं सांगून, सगळ्यांसमोर बोला. 'सगळ्यांनीच छान काम केलं' ही मुदिता नव्हे, ती कंजुषी आहे.

उपेक्षेचा अर्थ मात्र लोक हमखास चुकवतात. पैसे दाबून बसलेल्या पार्टीची उपेक्षा करायची म्हणजे वसुली सोडायची नाही, रात्री अंथरुणात त्याच्याशी भांडणं सोडायचं. वसुलीला दिवसातली ठरलेली वेळ द्या, समजा अकरा ते साडेअकरा, आणि त्याबाहेर तो विषय मनात आला की वहीत एक ओळ लिहून बंद. फोन लावण्याआधी कागदावर बिल क्रमांक, तारीख, रक्कम, आणि तीन श्वास. बोलायची वाक्यं तीनच: बिल अमुक, दिवस इतके झाले, पैसे कोणत्या तारखेला येतील? मग गप्प बसा. ही शांतता समोरच्याला जड जाते आणि तारीख बाहेर येते. आपण ती भरून काढली, 'नाही म्हणजे तुमचीही अडचण समजते' म्हटलं, की तारीख गेली. ते जे म्हणाले ते लिहा, त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवा.

यापुढचं काम कायद्याचं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करताना मनात द्वेष असण्याची गरज नसते. अर्ज शांत माणसाने भरला तर चुकाही कमी राहतात.

शेठना खोलवर जायचं असेल तर

रोजचा नेम तीन-चार महिने झाल्यावर ज्यांना दहा दिवसांची विपश्यना करायची आहे, त्यांनी पंचांगाआधी कॅलेंडर बघावं. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतलं शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या सकाळी निघायचं, म्हणजे बारा दिवस धरा. फोन जमा, बोलणं बंद, वाचन-लेखनही बंद. शुल्क नसतं, शिबिर पूर्ण केलेले साधक स्वेच्छेने दान देतात.

दरमहा रिटर्न भरणाऱ्या धंद्याला जीएसटीआर-१ची ११ तारीख, पीएफची १५, जीएसटीआर-३बीची २०, आणि टीडीएस व पगाराची ७. म्हणजे २१ला निघून पुढच्या महिन्याच्या १ किंवा २ तारखेला परतणं, ही सोयीची फट आहे. मार्चअखेर सोडा. निघण्याआधी दुसऱ्या भागीदाराची सहीची मर्यादा बँकेत लिहून द्या. ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम घरी ठेवा, नाहीतर ते तुमच्याबरोबर केंद्राच्या कपाटात बंद होईल आणि इथे एक ई-वे बिलसुद्धा निघणार नाही.

परत आल्यावर पहिले तीन दिवस कुठलाही मोठा निर्णय, नवी नियमावली किंवा उपदेश नको. कामगारांनी शिबिर केलेलं नाही.

मोजमाप

'ताण किती कमी झाला' असले फॉर्म वाटू नका, शेठला काय ऐकायचंय ते लोक ओळखतात. सुरू करण्याआधीच्या दोन महिन्यांचे आकडे काढून ठेवा: रिजेक्शनचे नग, पुन्हा करावी लागलेली कामं, थोडक्यात टळलेले अपघात, चुकीची निघालेली बिलं. मग चार महिने तेच मोजा. त्याच काळात नवं फिक्स्चर (जॉब घट्ट धरायचं साधन) बसवलं असेल किंवा मालाचा पुरवठादार बदलला असेल तर वहीत तसं लिहा, आणि रिजेक्शन घटल्याचं श्रेय फिक्स्चरला द्या. वीस माणसांच्या शॉपमध्ये आकडे असेही वरखाली होतात.

चार महिने पुरे झाल्यावरच्या सोमवारी चिठ्ठ्या वाटा, नाव न लिहिता: चालू ठेवायचं की नाही, आणि वेळ बदलायची का. बहुमत 'नाही' आलं तर बैठक बंद, ज्याचा त्याचा थांबा चालू. 'हो' आलं तर घंटा दुसऱ्याच्या हातात द्या, शक्यतो सुपरवायझर नसलेल्याच्या. स्टोअरकीपर चांगला, तो वेळेवर येतो. शेठनी मागच्या बाकावर बसावं.